उन्हातली आकृती कशी वाचायची? मोनेच्या छत्रीवाल्या चित्रापासून सुरुवात

दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यावरचा त्या क्षणीचा उजेड रंगवणाऱ्या) चित्रासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की बहुतेकांची एकच अडचण होते. चित्र आवडतं, डोळे निवतात, पण त्याबद्दल बोलायला जावं तर "ऊन काय सुंदर आहे!" याच्या पुढे वाक्य सरकत नाही. मग आपण शेजारची पाटी वाचतो. चित्रकाराच्या बायकोचं नाव कळतं, ती कधी वारली हे कळतं आणि चित्र समजलं असं मानून आपण पुढच्या चित्राकडे वळतो.

या वाटेनं मीही गेले आहे. कलारसग्रहणाच्या वर्गात बसून आणि मग स्वतःच्या हिमतीवर बरीच चित्रं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. इथे ज्ञान कमी पडत नाही, प्रश्नांचा क्रम चुकतो. "ही बाई कोण?" हा प्रश्न अशा चित्राला सगळ्यात शेवटी विचारायचा. सगळ्यात आधी विचारायचं, "ऊन कुठून येतंय आणि ते तिचं काय करतंय?"

हा क्रम एका चित्रावर करून पाहू. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८७५ साली पॅरिसजवळच्या आर्झांतय इथे रंगवलेलं «छत्रीवाली स्त्री : मादाम मोने आणि तिचा मुलगा» हे ते चित्र. टेकडीच्या माथ्यावर छत्री घेतलेली एक बाई, मागे एक लहान मुलगा, भरपूर आभाळ, पुढे गवत. एवढंच आहे त्यात.

सुरुवातीआधी जवळ काय हवं

- चित्राची मोठी, स्वच्छ प्रतिमा. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं.
- संगणकाचा किंवा टॅबचा पडदा. मोबाईलवर कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत. पडदा पिवळसर करणारी रात्रीची सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर पुढच्या चौथ्या पायरीवर सगळे निष्कर्ष चुकतील.
- करड्या रंगाचा एक पुठ्ठा आणि त्यात हरभऱ्याएवढं भोक. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो.
- वही, पेन्सिल आणि मध्ये कोणी हाक मारणार नाही असा अर्धा-पाऊण तास.

रंगांची नावं, फ्रेंच इतिहास, चित्रकाराचं चरित्र यातलं काहीही आधी वाचायची गरज नाही. उलट वाचलं नसेल तर बरंच.

१. चित्र तेच आहे ना, हे आधी तपासा

मोनेनं छत्रीवाली बाई एकदाच रंगवलेली नाही. १८८६ साली झिव्हेर्नी या गावाजवळ त्यानं हाच विषय दोन कॅनव्हासवर पुन्हा घेतला. एकात बाई उजवीकडे वळलेली आहे, दुसऱ्यात डावीकडे. ती दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत आणि त्यांतली बाई वेगळी आहे. महाजालावर या तिन्ही चित्रांची माहिती सर्रास एकमेकांत मिसळलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. मुलगा दिसला तर चित्र १८७५ चं. मुलगा नसेल आणि चेहरा जवळजवळ कोराच असेल तर १८८६ चं.

प्रतिमा कडेनं कापलेली नाही ना, हेही पाहा. मूळ चित्र १०० सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद आहे. पोस्टर आणि कॅलेंडरवाले बऱ्याचदा खालचं गवत छाटतात, आणि या चित्रात खालचं गवत गेलं की निम्मा अर्थ गेला. उजव्या कोपऱ्यात खाली सही आणि ७५ हा आकडा दिसत असेल तर तळ शाबूत आहे असं समजा.

२. पाच मिनिटं नुसतं बघा

काही लिहू नका. फक्त नजर आधी कुठे जाते, तिथून कुठे वळते आणि कुठे अडकते याकडे लक्ष द्या. बहुतेकांची नजर छत्रीपासून बाईच्या चेहऱ्याकडे येते, तिथे ठरत नाही, घसरून कपड्याच्या वळणावरून गवतात उतरते आणि मग मुलाकडे जाते. तुमची वेगळ्या वाटेनं गेली तरी चालेल. पण चेहऱ्यावर ती का ठरत नाही, हा प्रश्न मनात राहू द्या. सातव्या पायरीवर तो लागणार आहे.

३. सूर्य शोधा

सूर्य चित्रात नाही. तो शोधून काढायचा. कोणतंही उन्हातलं चित्र वाचण्याची किल्ली हीच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पुरावे असे गोळा करा. छत्रीचा कोणता भाग पांढरा पडलाय? वरचा. आतली बाजू हिरवी आणि गडद आहे. बाईच्या कपड्याचा कोणता भाग लखलखतोय? पाठीकडचा. तिच्या अंगाचा समोरचा, म्हणजे आपल्याला दिसणारा बराचसा भाग सावलीत आहे. गवतातली सावली कुठे पडली आहे? पुढे, आपल्या बाजूला.

म्हणजे सूर्य तिच्या मागे आहे. ती उन्हाकडे पाठ करून उभी आहे आणि आपण उन्हाकडे तोंड करून तिच्याकडे बघतो आहोत.

हे उमगलं की चित्र बदलतं. फोटो काढताना आपण सांगतो, "उन्हाकडे तोंड करून उभी राहा, चेहरा नीट येईल." मोनेनं नेमकं उलट केलं आहे. स्वतःच्या बायकोचं चित्र काढताना तिचा चेहरा आणि अंगाची पुढची बाजू त्यानं जाणूनबुजून सावलीत ठेवली. व्यक्तिचित्र काढणारा माणूस असं करत नाही. माणसावरून वाहणारं ऊन ज्याला रंगवायचं आहे, तो करतो.

४. पांढरा किती पांढरा आहे, ते मोजा

आता पुठ्ठा घ्या. बाईचा पोशाख पांढरा आहे असं तुम्ही वहीत लिहिलं असेलच. पुठ्ठ्याचं भोक पोशाखाच्या वेगवेगळ्या जागांवर धरा आणि भोकातून दिसणाऱ्या रंगाचं नाव लिहा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेल्यामुळे डोळ्याला "हे कापड आहे, हे पांढरं आहे" अशी आठवण कुणी करून देत नाही. उरतो नुसता रंग. निळसर. करडा. जांभळट. आणि हाताच्या खालच्या बाजूला, अंगाच्या पुढच्या भागावर चक्क पिवळा.

हा पिवळा आला कुठून? खालच्या गवतात पिवळी फुलं आहेत, त्यांच्यावर पडलेलं ऊन उसळून वर तिच्या कपड्यावर आलं आहे. निळा आला आभाळातून. सावलीत थेट ऊन पोहोचत नाही, पण आभाळाचा उजेड पोहोचतो, म्हणून उघड्यावरची सावली निळसर असते. दिवाणखान्यात काढलेल्या चित्रात हे घडत नाही, कारण तिथे वर आभाळ नसतं.

पटत नसेल तर चित्र बाजूला ठेवा आणि दुपारी गच्चीवर जा. पांढरा कागद उन्हात ठेवा, त्यावर पेन्सिल उभी धरा आणि तिच्या सावलीकडे बघा. हवा स्वच्छ आणि आभाळ निळं असेल, उदाहरणार्थ दिवाळीच्या सुमारास, तर ती सावली स्वच्छ निळी दिसते. हिरवळीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीची खालची किनारही एकदा निरखा. तिथे हिरवट झाक दिसेल.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांच्या हाताला सावली म्हणजे त्याच रंगात थोडा काळा अशी सवय असते. फ्रान्समधल्या तेव्हाच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांना साधारण तीच सवय होती. १८७६ साली दृक्‌प्रत्ययवाद्यांचं दुसरं प्रदर्शन पॅरिसमध्ये चित्रांचे व्यापारी द्युराँ-र्युएल यांच्या दालनात भरलं. आपलं चित्र तिथे होतं. त्याच प्रदर्शनात मोनेचा सहकारी चित्रकार रेन्वार यानं झाडाखाली बसलेल्या, अंगावर उन्हाचे कवडसे पडलेल्या एका स्त्रीचं चित्र लावलं होतं. «ल फिगारो» या वृत्तपत्राचा समीक्षक आल्बेर वोल्फ त्यावर तुटून पडला. तिच्या अंगावरचे हिरवे-जांभळे डाग बघून त्याला सडत चाललेलं प्रेत आठवलं! पानांतून गाळून आलेला उजेड कातडीवर हिरवा दिसतो, हे बघायला त्याची नजर तयार नव्हती. तुम्हालाही अशा चित्रातले रंग विचित्र वाटले तर लगेच "चित्रकाराची कल्पना" म्हणून सोडून देऊ नका. तो रंग कुठून उसळून आला असेल, ते आधी शोधा. बहुतेक वेळा उगम चित्रातच सापडतो.

या पायरीवर थोडं विज्ञान उपयोगी पडतं. पॅरिसमधल्या गोबेलँ या चित्रपट विणण्याच्या कारखान्यातले रंगतज्ज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली दाखवून दिलं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. पिवळ्याशेजारचा जांभळा जास्त जांभळा दिसतो, नारिंगीशेजारचा निळा जास्त निळा. पोशाखावरचा पिवळा झळकतो त्याचं अर्धं श्रेय शेजारच्या निळ्या-जांभळ्या सावलीला द्यायला हवं. पुठ्ठ्याच्या भोकातून तो पिवळा एकटा बघा. बराच फिका निघेल.

५. तुम्ही कुठे उभे आहात?

चित्रातली माणसं कुठे उभी आहेत हे सगळे बघतात. आपण कुठे उभे आहोत, हे फार थोडे विचारतात.

आपण टेकडीच्या उतारावर खाली आहोत. मान वर करून बघतो आहोत. म्हणून बाईच्या मागे झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसतं आभाळ आहे आणि छत्री जवळजवळ कॅनव्हासच्या वरच्या कडेला भिडली आहे. तिची पावलं गवतात बुडाली आहेत. मुलगा कमरेपर्यंतच दिसतो, कारण तो टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आहे. एवढ्या एका युक्तीनं मोनेनं टेकडीला पाठीमागची बाजू दिली. आपल्याला न दिसणारी जमीन आपल्याला कळते.

या जागेमुळे साधी गोष्ट मोठी होते. एक बाई मुलाला घेऊन फिरायला निघाली आहे, एवढाच प्रसंग. पण खालून बघितल्यामुळे ती आभाळात उभी राहिल्यासारखी भव्य दिसते. देवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांत वापरला जाणारा हा कोन मोनेनं रविवारच्या फेरफटक्याला दिला, आणि मला वाटतं या चित्राची खरी हिंमत इथे आहे.

६. फटकारे वाचा

प्रतिमा मोठी करा आणि तीन जागा पाळीपाळीनं बघा.

आभाळ: रुंद, सुटे, वेगवेगळ्या दिशांना गेलेले फटकारे. ढगाला कुठे काठ नाही.

पोशाख: लांब, वळसे घेणारे फटकारे. वारा दाखवायला मोनेनं वेगळं काही काढलेलं नाही. कुंचला ज्या दिशेनं फिरला, तीच वाऱ्याची दिशा.

गवत: तुटक, आखूड, एकावर एक. मधूनमधून पिवळे ठिपके. गडद भाग जवळून बघितला तर तिथे गवत असं काही उरतच नाही, नुसता रंग उरतो.

हे चित्र उघड्यावर, काही तासांच्या एकाच बैठकीत रंगवलं असावं असं मानलं जातं. ओल्या रंगावर ओला रंग चढवल्याच्या खुणा बघितल्या की ते पटतं. असं काम शक्य झालं त्यामागे एक साधी व्यावहारिक सोय होती. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकारानं कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं आणि तैलरंग खिशात घालून रानात नेता येऊ लागले. आर्झांतय तर पॅरिसहून आगगाडीनं अगदी जवळ. सेन नदीकाठचं हे गाव शहरातल्या लोकांचं सुटीच्या दिवशी फिरायला जायचं ठिकाण होतं आणि मोने १८७१ पासून १८७८ पर्यंत तिथेच राहत होता.

इथला सापळा सांगून ठेवते. "फटकारे सैल आहेत, म्हणजे चित्र घाईत उरकलंय" असा निष्कर्ष काढू नका. १८६६-६७ मध्ये याच मोनेनं «बागेतल्या स्त्रिया» हे अडीच मीटर उंचीचं चित्र उघड्यावर रंगवायला घेतलं, तेव्हा वरचा भाग हाताशी यावा म्हणून बागेत चर खणून कॅनव्हास त्यात खाली सोडायची सोय त्यानं केली होती. उन्हातल्या आकृतीचा प्रश्न तो जवळजवळ दहा वर्षं उकलत होता. १८७५ च्या फटकाऱ्यांचा वेग त्या सरावातून आलेला आहे.

७. आता चेहरा

आता दुसऱ्या पायरीवरचा प्रश्न घ्या. नजर चेहऱ्यावर का ठरत नाही?

तिच्या चेहऱ्यावरून टोपीच्या बुरख्याची पातळ जाळी गेली आहे आणि ती जाळी रंगवणारे पांढरे फटकारे मागच्या आभाळाच्या फटकाऱ्यांत मिसळले आहेत. चेहरा कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, हे नीट सांगता येत नाही. डोळे आहेत, ती आपल्याकडे वळून बघते आहे, पण भाव पकडू जाल तर निसटतो.

मराठी प्रेक्षकाला हे जड जाण्याचं एक कारण आहे. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आपल्या घरांतल्या भिंती कित्येक वर्षं भरलेल्या होत्या, आणि त्या चित्रांत आधी ओळखायचं असतं ते पात्र: ही दमयंती, ही शकुंतला. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आपल्याला इतकं प्रिय, तेही उजेडाचंच चित्र आहे. पण तिथे ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर येऊन थांबतो, चेहरा उजळण्यासाठीच तो आहे. मोनेच्या टेकडीवर उजेड चेहऱ्यापाशी थांबत नाही. तो गवत, कापड, कातडी, आभाळ यांच्यात फरक न करता सगळ्यांवरून जातो. हळदणकरांच्या चित्राला विचारायचे प्रश्न इथे विचारले तर उत्तर मिळणार नाही, आणि हे उलट बाजूनंही तितकंच खरं आहे.

८. आता पाटी वाचा

इथवर आलात की चरित्र वाचायला हरकत नाही. बाई म्हणजे कामीय, मोनेची बायको. मुलगा झां, १८६७ चा जन्म. १८७६ च्या प्रदर्शनात या चित्राचं नाव होतं नुसतं «फेरफटका». बायको-मुलाचा उल्लेख नव्हता. त्याच प्रदर्शनात मोनेनं कामीयचं दुसरं एक भलंमोठं चित्रही लावलं होतं. त्यात ती लालभडक जपानी किमोनो घालून, हातात पंखा धरून, चेहरा प्रेक्षकांकडे वळवून उभी आहे. एकच बाई, एकच चित्रकार, एकच प्रदर्शन. एका चित्रात ती सजून पोझ देते, दुसऱ्यात हवेचा भाग होऊन जाते. दोन्ही शेजारी ठेवून बघाच.

सगळ्यात मोठा सापळा याच पायरीवर आहे. कामीय १८७९ साली, बत्तिसाव्या वर्षी वारली. मोनेनं तिचं मृत्युशय्येवरचं चित्रही रंगवलं. हे कळल्यावर लोक १८७५ च्या चित्रात निरोप, विरह, विरून जाणारी स्त्री असं काय काय वाचू लागतात. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. त्या दुपारी टेकडीवर उभ्या असलेल्या तिघांपैकी कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. जाळी चेहऱ्यावर आली ती वाऱ्यामुळे. ते दुःख आपल्या माहितीतलं आहे, ते चित्रावर लादलं की तिथलं ऊन दिसेनासं होतं.

९. दोन चित्रांशी ताडून पाहा

आधीचं: «खसखशीची फुलं», १८७३, ओर्से संग्रहालय. इथेही छत्री, बाई आणि मूल आहे, तेही दोनदा. एक जोडी उतारावर वर, एक खाली. पण आकृत्या इतक्या लहान आहेत की फुलांच्या लाल ठिपक्यांपेक्षा त्यांचं वजन फारसं जास्त नाही.

नंतरचं: १८८६ ची जोडी. इथली बाई सुझान ओशदे. मोनेनं पुढे १८९२ मध्ये जिच्याशी लग्न केलं, त्या अलीसची ही मुलगी. आकृती मोठी आहे, कॅनव्हास १३१ सेंटिमीटर उंच आहे आणि चेहरा जवळपास पुसलेला. दुसऱ्याच वर्षी मोनेनं तेओदोर द्युरे या समीक्षक मित्राला पत्रातून कळवलं की उघड्यावरच्या आकृती निसर्गचित्रासारख्या रंगवायचा प्रयत्न चालला आहे. ही सगळी चित्रं ओळीनं लावली की १८७५ चं चित्र मधोमध येतं: आकृती जवळ आली आहे, माणूस अजून ओळखू येतो, पण चेहऱ्याचं राज्य संपत आलं आहे.

१०. आठ-दहा ओळी लिहा

लिहिताना एक अट पाळा. प्रत्येक विधानाला चित्रातली जागा जोडा. "वातावरण प्रसन्न आहे" हे वाक्य चालणार नाही. "अंगाच्या सावलीतल्या भागावर गवताचा पिवळा उजेड उसळल्यामुळे सावलीसुद्धा उबदार वाटते" हे चालेल. "मला वाटतं" लिहायला अजिबात संकोच करू नका, फक्त कशामुळे वाटतं ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. "अप्रतिम", "नितांतसुंदर", "जणू स्वर्गच" हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर येऊ द्या आणि दुसऱ्यात काढून टाका.

मूळ चित्र बघायची संधी आली तर

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी मंडळींचा वॉशिंग्टनला एक फेरा होतोच. नॅशनल गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चित्र कधी प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेलेलं असू शकतं, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर चित्राच्या पानावर ते सध्या दालनात आहे का ते बघा. पॅरिसचं ओर्से सोमवारी बंद असतं. तिथलं तिकीट आधी काढलेलं बरं.

चित्रासमोर गेल्यावर आधी चार-पाच मीटर लांब थांबा, पोशाख पांढरा दिसेपर्यंत. मग पहारेकरी हटकणार नाही इतपत जवळ जा, तो पांढरा रंग निळ्या-पिवळ्यात फुटेपर्यंत. हे अंतर दोन-तीनदा कापा. छापील प्रतीत आणि पडद्यावर ही एक गोष्ट मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी दालनातली बाकीची चित्रं त्या दिवशी राहून गेली तरी चालेल.